चौलकरांकडून कसला हिशेब?

परवा रात्री मेसच्या टीव्हीवर गाझाच्या बातम्या चालू होत्या. एक जण म्हणाला, "हे ज्यू असेच!" दुसरा लगेच उसळला, "बरोबर करतात ज्यू, असंच पाहिजे!" मग काय, वरण थंड होईपर्यंत दोघांची जुंपली. मला मात्र वाटलं, चूक दोघांची एकच आहे. कृती एका सरकारची, आणि नाव घेतलं सगळ्या जमातीचं. शिवी असो नाहीतर शाबासकी, पत्ता चुकलेलाच!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला बायबलमधले ज्यू माहीत होते, कोकणातले नव्हते. रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल लोक शेकडो वर्षं राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. घरात मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली बांधलं. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा, म्हणजे नट डेव्हिड, यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चौलकर. इस्रायल देश झाला १९४८ साली. दिवेकरांचं सिनेगॉग त्याच्याहून दीडशे वर्षं जुनं!

पुढे यातले बरेच जण इस्रायलला गेले. तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठे १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. ज्या देशाने त्यांना सहजासहजी आपलं म्हटलं नाही, त्या देशाचा जाब इथे राहिलेल्या मूठभर लोकांना विचारायचा? हा कुठला न्याय?

असा हिशेब कुठपर्यंत जातो तेही आपण पाहिलंय. २००८ साली २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी, त्यांची पत्नी आणि आणखी चौघांना मारलं. ते काही सरकारी ऑफिस नव्हतं. प्रार्थनेची आणि पाहुण्यांची जागा होती.

गाझात मेलेल्या मुलांबद्दल बोलू नये, असं मी म्हणत नाही. बोलायलाच हवं. ७ ऑक्टोबर २०२३ ला मारल्या गेलेल्यांबद्दलही बोलायला हवं. पण नाव घेऊन बोला. नेतान्याहू सरकार म्हणा, हमास म्हणा. खुद्द इस्रायलमध्येही हजारो लोक आपल्याच सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले आहेत. मग 'सगळे ज्यू' कुठून आले?

आता स्वतःबद्दल. माझा रूम पार्टनर परतूरचा, मुसलमान. भारत-पाकिस्तान मॅचच्या वेळी कुणीतरी त्याला विचारलं, "काय रे, आज तू कुणाकडून?" सगळे हसले. मीपण हसलो. तोही हसला. पण पुढच्या मॅचला तो खाली आलाच नाही, "सबमिशन आहे" म्हणाला. सबमिशन नव्हतं. आमची बॅच एकच आहे, मला माहीत होतं.

मेसमधल्या त्या दोघांना शहाणपण शिकवण्याआधी मला हे आठवायला हवं होतं. पुढच्या मॅचला मी त्याला बोलवायला जाणार आहे. त्याआधी एक 'सॉरी' म्हणायचंय. ते जरा अवघड आहे.