गॅस म्हणून सोडून देऊ नका

थंडीत फजरच्या वजूला गार पाणी लागलं की काही बायकांची बोटं पांढरीफटक पडतात, मग निळी होतात. पुढे हाताची कातडी ताठ होत जाते, मूठ वळत नाही, तोंड पूर्वीसारखं उघडत नाही. सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजेच स्क्लेरोडर्मा, बऱ्याचदा असा सुरू होतो. शरीराची संरक्षण यंत्रणा शरीरावरच उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार कितीतरी जास्त होतो. आमच्या कन्हेरीसारख्या गावात लोक त्याला कातडीचा आजार समजतात आणि मलमावर भागवतात. पण बहुतेक रुग्णांमध्ये तो पचनमार्गातही उतरतो, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आत काय होतं, ते साध्या भाषेत सांगतो. दोन जेवणांच्या मधल्या वेळात आपलं लहान आतडं स्वतःच झाडू मारत असतं. आकुंचनाची एक लाट येते आणि उरलंसुरलं अन्न, जंतू सगळं पुढे ढकलते. या आजारात आतड्याचे स्नायू कमजोर होतात, झाडू थांबतो. मग जिथे जंतू मोजकेच असायचे, तिथे त्यांची वस्ती वाढते. आपण खाल्लेलं आपल्याआधी तेच खातात. पोट तटतं, जुलाब होतात, तेलातुपाचं पचत नाही, वजन उतरतं. बी-१२ जीवनसत्त्वही जंतूच फस्त करतात. त्याने अशक्तपणा येतो, हातापायांना मुंग्या येतात.

बाई हे सांगते का? नाही. जुलाबाचं बोलायची लाज वाटते. घरचे म्हणतात, गॅस झालाय, ओवा खा. कोणी इसबगोल देतं, त्याने अशा आतड्यात पोट आणखी फुगू शकतं. वजन घटलं की नजर लागली म्हणतात आणि दम केलेलं पाणी येतं. दुआ जरूर करा, माझीही श्रद्धा आहे. पण दुआ आणि दवा यांत भांडण आपणच लावलं आहे.

हे ओळखता येतं. ग्लुकोजचं पाणी पाजून श्वासातला हायड्रोजन मोजण्याची तपासणी आहे. ती दर वेळी अचूक नसते, म्हणून लक्षणं बघून डॉक्टर उपचार सुरू करतात. रिफॅक्सिमिनसारख्या प्रतिजैविकाचा कोर्स देतात. बऱ्याच जणांना आराम पडतो, पण आतड्याची चाल सुधारलेली नसल्याने त्रास उलटतो आणि पुन्हा कोर्स लागतो, कधी औषध बदलून. हे माहीत नसलं की बाई ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून दवाखानाच सोडते. छातीतल्या जळजळीसाठी दिलेल्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनीही जंतूंना वाव मिळू शकतो, पण त्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना विचारावं.

आता रोजाबद्दल. अशा रुग्णाला थोडं थोडं, अनेकदा खायला सांगतात. दिवसभर उपाशी राहून इफ्तारला भजी, समोसे पोटभर खाणं हे मंद आतड्याला झेपत नाही. सूरह अल-बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत आजारी माणसाला सवलत आहे. रोजे नंतर करता येतात, ज्याला कधीच जमणार नाही त्याच्यासाठी फिदया आहे. ही सवलत अल्लाहने दिलेली आहे. तरी वजन घटलेली बाई रोजा धरते, कारण ‘लोक काय म्हणतील’. आणि तिला सहरीला उठवणारे आपणच असतो. माझं स्पष्ट मत आहे की इथे गुन्हा तिचा नाही, आपला आहे. इमामसाहेबांनी शाबानमध्येच एका जुम्म्याच्या बयानात हे सांगावं. तसंच, थंडीत वजूचं पाणी कोमट करून देणं हे घरातल्या पुरुषाचं काम का असू नये?

आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात, भिगवणला, १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने कॉपकॉर्ड नावाची पाहणी सुरू केली. गावातल्याच स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन सुमारे ६ हजार लोकवस्तीत सांध्यांच्या दुखण्याची विचारपूस केली. ती पाहणी पोटाची नव्हती. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: दुखणं अंगावर काढणारा माणूस दवाखान्यात येत नाही, त्याच्या दारात जाऊन विचारावं लागतं. तीन दशकांपूर्वी आपल्याच भागात हे जमलं. मग आज आशाताईंनी, बचतगटांनी, आणि मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलींनी हात ताठलेल्या बाईला एवढंच विचारायला काय हरकत आहे: ‘खाला, पोट कसं आहे? वजन उतरलंय का?’

उत्तर ‘हो’ आलं, तर तिला संधिवाततज्ज्ञाकडे न्या. आणि डॉक्टरांसमोर जुलाबाचं ती बोलत नसेल, तर तिच्या वतीने तुम्ही बोला.