चित्र मुलाचं, हात कुणाचा?

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत जा आणि वर्गाला सांगा, निसर्गचित्र काढा. दोन त्रिकोणी डोंगर येतील. त्यांच्या फटीतून सूर्य उगवेल, तिथूनच नदी निघेल, नदीत होडी असेल, काठावर नारळ आणि लाल कौलांचं घर. तालुका मंठा असो, घनसावंगी असो की जाफराबाद. ज्या पोरांनी टँकरमागे घागरी घेऊन धाव घेतलीय, त्यांच्या कागदावर नदी बारमाही वाहते. चाळीस मुलांची चाळीस चित्रं सारखी दिसतात, कारण त्यातलं एकही त्यांचं नसतं.

मग एक दिवस शाळेत स्पर्धेचं पत्रक येतं. विषय ठरलेले: स्वच्छता, झाडे लावा, पाणी वाचवा, माझ्या स्वप्नातील भारत. वर्गातली दोन-चार ‘हात चांगला असलेली’ मुलं निवडली जातात. त्यांना मोबाइलवर मागच्या वर्षीचं बक्षीसपात्र चित्र दाखवलं जातं. मूल काढतं. मग ‘थोडं नीट करून देतो’ म्हणत मोठ्यांचा हात फिरतो. बाहेरची रेघ काळ्या स्केचपेनने पक्की होते, आभाळाला छटा मिळते, वाकडं नाक सरळ होतं. शेवटी कागदाच्या मागे सही होते: सदर चित्र विद्यार्थ्याने स्वतः काढलेले आहे.

या सहीबद्दल कुणीच बोलत नाही. परीक्षेत कॉपी सापडली की बातमी होते, भरारी पथकं फिरतात. इथे मात्र गुरुजी, पालक आणि आयोजक असे तिघे मिळून नऊ वर्षांच्या मुलाकडून कॉपी करून घेतात आणि वर त्याचा स्टेजवर सत्कार करतात. मुलाला सगळं कळत असतं. टाळ्या कुणाच्या रेघेला पडल्या हे त्याच्याइतकं नेमकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

‘सुधारलं’ म्हणजे नेमकं काय केलं, तेही बघू. सात-आठ वर्षांचं मूल विहीर वरून बघितल्यासारखी गोल काढतं आणि तिच्याभोवतीची माणसं चारी बाजूंना आडवी पाडतं. घराची भिंत असूनही आतली चूल दाखवतं. आई घरापेक्षा उंच काढतं. मोठ्यांना या चुका वाटतात. पण मूल डोळ्यांना दिसतं तेवढंच काढत नाही, त्याला जे माहीत आहे आणि महत्त्वाचं वाटतं ते काढतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड या अभ्यासकाने १९४७ साली आपल्या पुस्तकात मुलांच्या चित्रांच्या या पायऱ्या वयानुसार मांडल्या. त्याच्याही पन्नास वर्षं आधी, १८९७ साली, व्हिएन्नात फ्रान्झ सिझेक यांनी मुलांसाठी चित्रवर्ग काढला, तोच मुळी मुलांच्या चित्राला मोठ्यांच्या चित्राची कच्ची आवृत्ती समजू नये म्हणून. आणि हे ज्ञान फक्त युरोपातलं नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या शाळेत खेड्यातल्या मुलांबरोबर वर्षानुवर्षं कला शिकवत राहिले. कला हा शिक्षणाचा पाया आहे, हे त्यांनी पुस्तक लिहून मांडलं. आपल्याच महाराष्ट्रात हे घडून गेलं, आणि आपण अजून आईची उंची घराच्या मापात बसवतोय.

माझा विरोध स्पर्धेला नाही. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली दिल्लीतून मुलांची चित्रस्पर्धा सुरू केली आणि पुढे ती जगभरच्या मुलांना खुली झाली. गावातल्या पोराचं चित्र गावाबाहेरच्या माणसाने नीट बघावं, यासारखी चांगली गोष्ट नाही. पण त्यासाठी आधी ते चित्र त्या पोराचं असायला हवं.

यावर एक उत्तर नेहमी येतं, आणि ते खोटं नाही. “शहरातली मुलं महागडे क्लास लावतात. आमच्या जिल्हा परिषदेच्या पोराचं चित्र जसंच्या तसं पाठवलं, तर पहिल्या फेरीतच बाहेर जाईल.” बरोबर, जाईल. म्हणूनच पहिला दोष शिक्षकाचा नाही, परीक्षकांचा आहे. परीक्षक सफाईला गुण देतात, म्हणून शाळा सफाई पाठवतात. पाच मिनिटांत दोनशे चित्रं उलटायची असली की डोळा गुळगुळीत चित्रावरच थांबतो. सात वर्षांच्या मुलाच्या नावावर मुरलेल्या हाताची छटा दिसत असताना ज्याला शंका येत नाही, त्याने परीक्षक म्हणून मानधन आणि नारळ कशाचा घ्यायचा?

दुसरा दोष व्यवस्थेचा. शिक्षणहक्क कायदा सांगतो की सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. म्हणजे कायद्याची अपेक्षाच अंशकालीन! आणि शंभराच्या आतली शाळा असेल, तर तेवढंही नाही. पहिली ते पाचवीचं तर बोलायलाच नको. तिथे गणित शिकवणारे, पोषण आहाराचा हिशेब ठेवणारे, ऑनलाइन माहिती भरणारे गुरुजीच चित्रकलेचा तासही घेतात. त्यांच्याकडून आपण आणखी काय मागणार?

शासनाची रेखाकला परीक्षा निदान सगळ्यांसमोर होते. एलिमेंटरी असो की इंटरमिजिएट, चित्र परीक्षेच्या खोलीत बसून काढावं लागतं, त्यामुळे हात तरी मुलाचाच असतो. पण इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. गुण आले की गाइड येतं. स्मरणचित्र या विषयाचा अर्थ आठवणीतून चित्र. पण बाजार, बसथांबा, होळी अशी चार चित्रं पाठ करून मुलं जातात. आठवण स्वतःची नसली तरी चालतं.

कुणी म्हणेल, ‘मागास’ जालन्याच्या पोरांनी चित्रात काय वेगळं दाखवावं? भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग सापडला आहे. इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली मिळालेल्या प्रसिद्ध मूर्तीशी तिचं जवळचं साम्य आहे. ही आपली जमीन आहे. आणि आजचं म्हणाल, तर मोसंबीच्या वाळलेल्या बागा आहेत, सळईच्या कारखान्यांचा धूर आहे, पोळ्याला रंगवलेली शिंगं आहेत, राजूरच्या गणपतीला चालत निघालेली माणसं आहेत. यातलं काहीच त्या दोन डोंगरांच्या मधे मावत नाही.

करायचं काय? फार खर्चाचं काहीच नाही. तालुक्याच्या ठिकाणी मुलांना एकत्र बसवा, कागद-रंग तिथेच द्या, विषय तिथेच सांगा. विषय घोषणेसारखा नको. ‘आमच्या घरी पाणी कसं येतं’ असा हवा. वयोगट लहान ठेवा, सात वर्षांच्या मुलाला बारा वर्षांच्या मुलाशी लढवू नका. परीक्षकांसमोर शाळेचं नाव झाका. प्रत्येक मुलाकडून चित्राबद्दल दोन ओळी लिहून किंवा बोलून घ्या, नकललेलं चित्र तिथेच उघडं पडेल. निकालानंतर सगळी चित्रं भिंतीवर लावा आणि मग मुलांना परत द्या. आणि तोवर शाळांनी एवढं करावं: चित्राला हात न लावता पाठवावं. हरलं तर हरू द्यावं.

आता थोडं तुमच्याबद्दल. हे मोबाइलवर वाचणारे तुम्ही घरातले दादा किंवा ताई असाल. धाकटा भाऊ कागद घेऊन येतो, “मला काढून दे ना, उद्या द्यायचंय.” तुम्ही पिंटरेस्ट उघडता, किंवा आता एआयला सांगता, आणि तो काचेवर कागद ठेवून गिरवतो. दहा मिनिटांत काम होतं, आणि त्याला कळतं की आपल्या डोक्यातलं चालणार नाही. पुढे निबंधही असाच होतो, प्रोजेक्टही, आणि एक दिवस मतही.

तेव्हा पुढच्या वेळी काढून देऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, तुझ्या चित्रात कोण कोण आहे? टँकर काढला तर टँकर. आई घरापेक्षा उंच काढली तर उंचच राहू द्या.