चाल बिघडली की कान?



दशलक्षण पर्वाचा दुसरा दिवस, उत्तम मार्दवाचा. संध्याकाळी आरतीनंतर मंदिरात भजनं चालली होती. पेटीवर नेहमीच्या काकू आणि साथीला कॉलेजातला एक मुलगा बासरी घेऊन बसलेला. भजन आपल्या रोजच्या चालीतलं. पण हा मध्येच थांबायचा, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत यायचा, फुंकरही ऐकू यायची. बाहेर चपला घालताना आम्ही बायकांनी निकाल दिला, "चाल बिघडवली पोरानं!" त्यात मीही होते. त्याची आई मागेच उभी होती.

घरी आल्यावर चैन पडेना. कारण खरं सांगू? इतक्या वर्षांत त्या भजनाचे शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आले. तो थांबला, तिथे शब्द पोचला.

आपला कान पेटीवर घडलेला. पट्टी दाबली की ठरलेला सूर येतो, दोन सुरांमधली वाट पेटीला दाखवता येत नाही. बासरीच्या भोकावरून बोट हळूहळू उचललं की सूर वितळत पुढे जातो. त्यालाच मींड म्हणतात. आपण चूक म्हणालो, ती त्या वाद्याची बोलीच आहे.

पन्नालाल घोष यांनी सुमारे ३२ इंची मोठी बासरी घडवली, म्हणून ती शास्त्रीय मैफलीत मानाने बसली. हरिप्रसाद चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले, तेव्हा जुनी सवय मोडून त्यांनी बासरी उजवीकडून डावीकडे घेतली. नाव झालेलं असताना पुन्हा पहिलीत बसायचं! मार्दव आणखी काय असतं?

मंदिरात कसरत नको, हे मलाही मान्य. शब्द बुडाले तर मीच आधी बोलेन. पण वेगळं वाजवणं म्हणजे दिखावा नव्हे. वाजवून झाल्यावर मनात वादक उरतो की भगवंत, एवढंच पाहावं.

क्षमावाणीच्या दिवशी मी त्या मायलेकांकडे गेले. हात जोडून उत्तम क्षमा म्हटलं आणि कशाबद्दल तेही सांगितलं. मुलगा लाजला. आईचे डोळे भरले.

पुढच्या वर्षी त्याला पुन्हा बोलवू या. आणि चपला घालताना जरा गप्प राहू या.