मशीन आले, पण उसवायला कोण शिकवणार?



विसरवाडीचा आठवडे बाजार तुम्हाला नवा नाही. भाजीची ओळ संपली, मिरची-मसाल्याची ओळ संपली, की ताडपत्रीवर टाकलेले जुन्या कपड्यांचे ढीग दिसतात. तिथला एक देखावा तुम्हीही पाहिला असेल. बाप वाकून ढिगातून एक पँट ओढतो आणि पोराच्या कमरेला लावून बघतो. पोरगं आठ वर्षांचं, पँट मोठ्या माणसाची. ‘चालेल, वाढतं वय आहे,’ म्हणून पैसे दिले जातात. मग ते पोर कमरेला सुतळी बांधून आणि खालून चार घड्या घालून वर्षभर शाळेत जातं. त्याची उंची वाढायच्या आत पँट टाचेखाली येऊन फाटते. पैसे गेले, पँटही गेली.

आता दुसरी बाजू बघा. त्याच गावात शिलाई मशीन असलेली घरं आहेत. कुठे ते योजनेतून मिळालेले, कुठे बचत गटाच्या कर्जातून घेतलेले, कुठे लेकीच्या लग्नात दिलेले. त्यातली किती रोज चालतात? आमचे ऐकू नका, आपल्याच गल्लीत मोजून या. बऱ्याच ठिकाणी मशीनवर चादर आणि चादरीवर घरातले सामान, असा प्रकार आढळेल. एका घरात मापात न बसणारा कपडा आणि चार घरांपलीकडे बंद पडलेले मशीन. या दोघांची गाठ का पडत नाही, एवढाच आजचा आपला प्रश्न आहे.

कारण साधे आहे. शिवणवर्गात बायकांना नवे कापड कापायला शिकवतात. ब्लाऊज, परकर, झबले, फ्रॉक. प्रमाणपत्र मिळते, फोटो निघतो, वर्ग संपतो. पण नव्या कपड्याच्या धंद्यात आपल्या बाईची गाठ कोणाशी आहे? पूर्वीचा सहा नंबरचा आणि आताचा ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग विसरवाडीतून जातो आणि तो थेट सुरतेकडून येतो. तिथल्या गिरण्यांचा आणि कारखान्यांचा तयार माल त्या रस्त्याने रोज उतरतो. त्या भावात घरी बसून नवा कपडा शिवून विकणे एकट्या बाईला परवडणारे नाही. पहिल्या सहा महिन्यांत ते तिच्या लक्षात येते आणि मशीनवर चादर पडते.

पण जी गोष्ट सुरतेचा कारखाना करू शकत नाही, ती गावात रोज लागते. मोठ्याचे लहान करणे, घट्टाचे सैल करणे, चेन बदलणे, कॉलर उलटी करणे, फाटलेल्याला आतून पट्टी देणे. बोलीत आपण याला ‘आल्टर’ म्हणतो. या कामाला गिऱ्हाईक समोर लागते, माप अंगावर घ्यावे लागते. हा धंदा गावातच होणार. आणि त्याचे पहिले शिक्षण कात्रीचे नाही, उसवण्याचे आहे. कापड न फाडता टीप उकलायची, कोणता भाग झिजला आणि कोणता धड आहे ते ओळखायचे, मग पुन्हा जोडायचे. हे आपल्या वर्गात क्वचितच शिकवले जाते.

तसे पाहिले तर ही विद्या आपल्याकडे नवी नाही. धोतर किंवा लुगडे मधे विरले की विरलेला भाग काढून धड तुकडे जोडत, त्याला ‘दंड घालणे’ म्हणत. दंडाचे लुगडे नेसायला कोणाला लाज वाटत नसे. त्याहून जुने झाले की त्या जुनेराचे लंगोट, दुपटी आणि शेवटी गोधडी. उरलेले बोहारणीच्या टोपलीत जाई आणि घरात एखादे पातेले येई. शिंप्याच्या भाषेत तर एक सुंदर शब्द आहे, ‘माया’. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात ती माया. अंग भरले, पोर वाढले, की ती माया उसवून कपडा सैल करायचा. आज स्वस्त तयार कपड्यात ही माया सापडत नाही. कापड वाचवायला ती कारखान्यातच छाटलेली असते. म्हणून विकत घेतानाच कपडा उलटा करून आत बोट घालून बघा. माया असलेला कपडा दोन वर्षे जास्त जातो.

बोहारणीचे नाव निघाले म्हणून सांगतो. जुन्या कपड्यांचा धंदा हलका समजू नका. १९७१ मध्ये अहमदाबादेत जुने कपडे घेऊन विकणाऱ्या बायका इलाबेन भट्ट यांच्याकडे गेल्या. सावकार आपल्याला कसे पिळतो, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. बागेत सभा भरली आणि आपली स्वतःची संघटना हवी, असे त्यातल्याच एका बाईने सुचवले. एप्रिल १९७२ मध्ये ‘सेवा’ ही संघटना नोंदली गेली. १९७४ मध्ये ४,००० बायकांनी प्रत्येकी १० रुपये घालून स्वतःची बँक काढली. सावकाराचा अनुभव आपल्या भागाला सांगायला नको. ऊसतोडीची उचल घेऊन गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबाला घरबसल्या रोजचे चार पैसे म्हणजे काय, हे ठाऊक आहे.

यावर दोन आक्षेप येतील. दोन्ही खरे आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप कापूसवाल्याचा. ‘आम्ही कापूस पिकवतो आणि तुम्ही लोकांना जुने कपडे घालायला सांगता. मग आमचा कापूस घेणार कोण?’ भाऊ, ढिगाशेजारच्या दुकानात जो स्वस्त नवा शर्ट टांगलेला असतो, त्याचा एक धागा काढून पेटवून बघा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. स्वस्तातला माल बहुतेक मणीवाला निघतो. उलट जुन्या ढिगात चांगला सुती शर्ट अजून सापडतो. तो धुऊन धुऊन आटून झालेला असतो, रंग जायचा तेवढा गेलेला असतो, शिवल्यावर पुन्हा दगा देत नाही. वैशाखात अंगाला तोच बरा. एक सुती टी-शर्ट तयार व्हायला कापसाच्या शेतापासून धरून सुमारे २,७०० लिटर पाणी लागते असा हिशेब मांडला जातो. आपले पाणी आणि आपला घाम त्या कापडात आहे. ते लवकर चिंधी होऊ नये, यात कापूसवाल्याचा अपमान नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. ‘दुसऱ्याने उतरवलेले कपडे आम्ही का घालावेत?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला नावे ठेवू नका. आपल्या समाजात पिढ्यान् पिढ्या काही माणसांच्या वाट्याला उतरलेलेच कपडे आले आणि ते दारात उभे राहून घ्यावे लागले. १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांना सांगितले होते, की कपडा ठिगळांचा असला तरी चालेल, पण तो स्वच्छ असला पाहिजे आणि नेसण्याची पद्धत ताठ मानेची हवी. आमचेही म्हणणे याहून वेगळे नाही. कोणी दया म्हणून अंगावर फेकलेला कपडा आणि स्वतः भाव करून घेतलेला, उकळून धुतलेला, आपल्या मापात कापून घेतलेला कपडा, या दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ढगळ कपडा ‘मी दुसऱ्याचा’ असे ओरडून सांगतो. मापात बसवलेला कपडा पोराचा स्वतःचा होतो. फरक पडतो तो अर्ध्या तासाच्या शिवणीने. आणि ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबा चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव हिंडले, कर्ज काढून सण करू नका म्हणून सांगत राहिले, तिथे ठिगळाची लाज आणि उधारीचा तोरा, हे उलटेच झाले म्हणायचे.

आता थोडे कामाचे बोलू.

घेताना कपडा उजेडाकडे धरा. जिथून आरपार दिसते तो भाग गेला. शर्ट कॉलर, बाही आणि काखेत झिजतो, पाठ बहुधा धड असते. मोठ्या शर्टाच्या पाठीतून लहान मुलाचा शर्ट निघतो. बटणपट्टी जशीच्या तशी वापरली तर काजे करायचा त्रासही वाचतो. पँट गुडघ्यात आणि बैठकीत जाते, पण गुडघ्याखालच्या कापडात पोराची अर्धी चड्डी बसते. कमर मोठी असेल तर मागची मधली शिवण उसवून तिथून घ्या, बाजूने घेतली की खिसे वाकडे येतात. लांबी कमी करताना कापू नका, आत दुमडा. पुढच्या वर्षी तीच माया कामाला येते. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई ठेवा, जीन्सला १६ ची. जीन्सच्या जाड शिवणीवर पायाने न चालवता हाताने चाक फिरवा, सुया मोडणार नाहीत.

आणि स्वच्छतेची गोष्ट विसरू नका. जुन्या कपड्यातून खरूज येऊ शकते. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. म्हणून बाजारातून आणलेले गाठोडे प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. मग गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. त्यानंतरच अंगाला लावा. जी बाई मशीनवर बसणार तिनेही न धुतलेला कपडा हाती घेऊ नये.

हिशेब तोंडी करून बघा. समजा जुनी पँट ५० रुपयांना घेतली आणि आल्टरचे ३० दिले. ८० रुपयांत पोराला मापाची पँट झाली. बाईने दिवसात अशी सहा कामे केली तर १८० रुपये. त्यातून दोरा, सुई, तेल वजा. श्रीमंती येणार नाही, पण मुक्कामाला बाहेर न जाता, घरचे लेकरू सांभाळून, पावसाळ्यातही चालणारे हे पैसे आहेत.

शाळेचा गणवेश हेही याच कामाचे उदाहरण. २०२४-२५ या वर्षी राज्यात एका गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे देण्यात आली. कित्येक शाळांत गणवेश उशिरा पोचले, मापांच्या तक्रारी झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. कापड कोठूनही येवो, वर्गात चाळीस पोरे असली तर चाळीस अंगे वेगळी. गावात आल्टर जाणणारी एक बाई असेल तर समितीचे निम्मे भांडण मिटते. समितीच्या सभासदांनी शिलाई ठरवतानाच एक अट घालावी, की बाजूच्या शिवणीत आणि खाली पुरेशी माया सोडावी. पोर दोन बोटे वाढले म्हणून गणवेश टाकून द्यावा लागू नये.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, यांना चार शब्द. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून दरवर्षी नवे मशीन वाटण्याआधी गावात आधीची किती आहेत आणि किती चालतात, याची यादी ग्रामसभेत वाचा. बंद मशीनला अनेकदा फक्त पट्टा, शटल किंवा तेल हवे असते. वर्षातून दोनदा कारागीर बोलावून एका दिवसात सगळी मशीने चालू करून घ्या. नव्या मशीनपेक्षा हे स्वस्त पडेल. शिवणवर्ग घ्यायचा तर त्यातले निम्मे दिवस जुन्या कपड्याला द्या आणि बाजाराच्या दिवशी त्या बायकांना जुन्या कपड्यांच्या ओळीजवळ सावलीची जागा द्या. गिऱ्हाईक तिथेच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपये अशी त्यात तरतूद आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतच होते. इच्छुकांनी सेवा केंद्रावर नोंदणीची चौकशी करावी आणि सरपंचांनी पडताळणी करताना खरोखर मशीनवर बसणारे हात बघावेत.

१९२४ मध्ये महात्मा गांधींना कोणी विचारले, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? तेव्हा अपवाद म्हणून त्यांनी शिलाई मशीनचेच नाव घेतले होते. माणसाचे काम हिरावून न घेता त्याचे कष्ट हलके करणारे यंत्र म्हणून. असे यंत्र आपल्या गावात आलेले आहे. ते चादरीखाली ठेवण्यासाठी आलेले नाही.

पुढच्या बाजारी ढिगातून पोरासाठी पँट उचलाल तेव्हा सुतळी शोधू नका. गल्लीतल्या मशीनवालीचे दार वाजवा आणि तिचे पैसे रोख द्या.