१९९८ चा डेटा आणि ९८ टक्के

कॉम्प्युटर किंवा आयटी केलेल्या कुणालाही विचारा, वर्गात 'इंट्रुजन डिटेक्शन सिस्टिम' हा प्रोजेक्ट घेतलेला एक तरी ग्रुप असतोच. इंट्रुजन डिटेक्शन म्हणजे नेटवर्कच्या गेटवरचा वॉचमन. येणारं-जाणारं प्रत्येक कनेक्शन बघायचं आणि हा रोजचा माणूस की चोर, ते सांगायचं. कुणी त्यासाठी डिसिजन ट्री लावतं, कुणी एसव्हीएम, अलीकडे डीप लर्निंग. शेवटून दुसऱ्या चॅप्टरमध्ये एक टेबल असतं आणि त्यात अचूकता ९८ टक्क्यांच्या आसपास असते. गाईड खूश, एक्स्टर्नल खूश, चहा-सामोसे होतात, रिपोर्टला सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग होतं. विषय संपला.

मंडळी, माझा प्रश्न अगदी साधा आहे. सांगली, कराड, सातारा या पट्ट्यातून इतकी वर्षं इतके वॉचमन तयार होऊन बाहेर पडतायत, तर ते उभे कुठल्या गेटवर आहेत?

आधी त्या ९८ टक्क्यांबद्दल. अशा बऱ्याच प्रोजेक्टांच्या मुळाशी एकच डेटासेट सापडतो, केडीडी कप ९९. ही काही आपलीच खोड नाही, जगभर हेच चाललं. १९९८ साली एमआयटीच्या लिंकन लॅबने अमेरिकन हवाई दलाच्या तळासारखं एक नकली नेटवर्क उभं केलं, त्यावर मुद्दाम हल्ले केले आणि सगळं रेकॉर्ड केलं. त्यातून पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी सुमारे ४९ लाख कनेक्शन्सचा तक्ता बनला, प्रत्येक कनेक्शनचे ४१ गुणधर्म. त्या काळात हे मोठंच काम होतं, त्याला नावं ठेवायची नाहीत.

पण आता त्या तक्त्याच्या आत बघा. ४९ लाखांत साधी, निरुपद्रवी कनेक्शन्स १० लाखांपेक्षाही कमी आहेत, बाकी सगळे हल्ले. म्हणजे वॉचमनने डोळे मिटून दिसेल त्याला 'चोर' म्हटलं तरी ८० टक्के मार्क पडतात! २००९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की ट्रेनिंगच्या भागातल्या ७८ टक्के आणि टेस्टच्या भागातल्या ७५ टक्के नोंदी निव्वळ पुनरावृत्ती आहेत. गाईडमधले प्रश्न जसेच्या तसे पेपरात आले तर मार्क पडणारच की. आणि १९९८ च्या त्या नेटवर्कवर मोबाइल बँकिंग नव्हतं, यूपीआय नव्हतं, क्लाउड नव्हता. त्यातले काही हल्ले तर विंडोज ९५ च्या जमान्यातले आहेत.

बरं, समजा डेटा उत्तम आहे आणि ९८ टक्के खरे आहेत. तरी एक साधं गणित राहतं. एखाद्या बँकेच्या नेटवर्कवर दिवसाला १० लाख कनेक्शन्स होतात आणि त्यातली १० वाईट आहेत असं धरू. आपला वॉचमन चोराला चोर आणि साध्याला साधा ओळखण्यात ९८ टक्के बरोबर आहे. तो ते दहाही चोर पकडेल बहुतेक. पण उरलेल्यांपैकी २ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ २० हजारांवर, तो रोज खोटी शिट्टी वाजवेल. दहा चोरांसाठी वीस हजार शिट्ट्या. तिसऱ्या दिवशी बँकेचा माणूस शिट्टीच काढून घेईल. स्टेफान ॲक्सेल्सन या स्वीडिश संशोधकाने हा मुद्दा १९९९ मध्येच मांडला होता. आपल्या टेबलांमध्ये मात्र अजून 'अचूकता' याच रकान्याला मान आहे.

आता जरा घराजवळ येऊ. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम स्विचमध्ये मालवेअर घुसलं होतं. हल्लेखोरांनी खऱ्या स्विचच्या जागी एक नकली स्विच उभा केला. क्लोन केलेलं कार्ड एटीएममध्ये गेलं की 'पैसे द्यायचे का?' हा प्रश्न बँकेच्या मुख्य सिस्टिमपर्यंत पोचायच्या आधीच नकली स्विच 'द्या' म्हणून मोकळा. काही तासांत २८ देशांतून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले, भारतात अडीच कोटी. त्यात कोल्हापुरातली एटीएमसुद्धा होती. १३ तारखेला स्विफ्टमार्गे आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यावर गेले. एकूण ९४.४२ कोटी. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

या प्रकारात गेटवरचा वॉचमन काय करणार होता? चोर आतच बसून पास वाटत होता. इथे उपयोगी पडली असती ती एक साधी गोष्ट: स्विचने मंजूर केलेले व्यवहार आणि बँकेच्या मुख्य सिस्टिमने पाहिलेले व्यवहार यांचा ताळमेळ दर मिनिटाला घालणारं काहीतरी. हा चांगला, कठीण, चार मुलांना वर्षभर पुरेल असा प्रोजेक्ट आहे. फक्त तो केडीडीच्या तक्त्यात सापडत नाही.

कॉसमॉस मोठी बँक होती, सावरली. आपल्याकडच्या लहान बँका आणि पतसंस्थांचं काय? रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला बँकेच्या डिजिटल पसाऱ्यानुसार चार पातळ्या ठरवल्या. चांगलंच झालं. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे ही चौकट त्यांना लागू नाही. बँकेतल्या ठेवीला निदान ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तोही नाही. आणि सांगली-साताऱ्यात निवृत्त शिक्षकाची ग्रॅच्युइटी, उसाचं बिल, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे कुठे असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर मग गाडी अडते कुठे? मुलं आळशी आहेत, सरांना येत नाही, असलं काही मला म्हणायचं नाही. ज्याचं मोजमाप होतं तेच काम होतं. २०१० च्या नियमांपासून यूजीसीने शिक्षकांच्या बढतीसाठी गुणांचा हिशेब आणला आणि त्यात शोधनिबंधांची संख्या बसली. मग निबंध छापणारी दुकानं निघाली. मे २०१८ मध्ये यूजीसीने आपल्याच यादीतली ४,३०५ जर्नल्स एका फटक्यात काढली. नंतर पुणे विद्यापीठाच्या मदतीने 'केअर' यादी आली, फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. यादी येते, यादी जाते. तयार डेटासेट, तयार अल्गोरिदम, चार पानी पेपर हा मार्ग त्यामुळे सगळ्यात सुरक्षित ठरतो. एखाद्या गाईडने उद्या पतसंस्थेचा खरा प्रश्न घेतला आणि वर्षअखेर ६० टक्क्यांचंच टेबल आलं, तर त्याला कुणी शाबासकी देणार आहे का?

इथे मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट कॉलेजांना उसनी द्यावीशी वाटते. पोर्टफोलिओ मॅनेजमेंट. नाव ऐकून पळू नका, मीसुद्धा त्या एक्सेल शीट्सना वैतागलेला माणूस आहे. पण मूळ कल्पना शहाणपणाची आहे. १९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झने शेअर्सबद्दल सांगितलं की एकेक शेअर सुटा बघू नका, सगळी टोपली मिळून जोखीम किती ते बघा. १९८१ मध्ये वॉरन मॅकफार्लनने हेच आयटी प्रोजेक्टांना लावलं. प्रोजेक्टचा आकार केवढा, तंत्रज्ञानाचा अनुभव किती आणि काय बनवायचंय ते कितपत स्पष्ट आहे, यावर प्रत्येकाची जोखीम ठरते. सगळीच कामं कमी जोखमीची घेतलीत तर तेही चूक, असं तो म्हणाला.

आता ही नजर एखाद्या कॉम्प्युटर विभागावर टाका. ६० मुलं, चौघांचा एक ग्रुप, म्हणजे वर्षाला १५ प्रोजेक्ट. पाच वर्षांत ७५. आज हे ७५ म्हणजे ७५ वेगवेगळ्या वाटा, दर जुलैला शून्यापासून सुरू. सीनियर्सचा कोड सीडीवर (आता पेनड्राइव्हवर) कपाटात पडलेला. याऐवजी विभागाने पाच प्रश्न निवडावेत आणि ते पाच वर्षं सोडू नयेत. प्रत्येकावर दरवर्षी तीन ग्रुप. पहिली बॅच जिथे थांबेल तिथून दुसरीने सुरू करायचं, मागच्या बॅचचा कोड चालवून दाखवल्याशिवाय नवा सारांश मंजूर नाही. दिवाळीआधी एक कडक आढावा, ज्यात एखादा प्रोजेक्ट बंद करायची खरोखर मुभा असेल. आणि बंद केला म्हणून मुलांचे मार्क कापायचे नाहीत, का बंद केला ते नीट लिहिलं तर पूर्ण मार्क.

प्रश्न कुठले? माझी यादी अशी: एटीएम व्यवहारांचा तो ताळमेळ, प्रयोगशाळेत खोटी बँक उभारून. ज्या पतसंस्थेत आयटी म्हणजे एकच मुलगा, त्याला समजेल अशी लॉग बघायची स्वस्त सोय. साखर कारखान्याच्या वजनकाट्याची नोंद नंतर कुणी बदलली तर कळेल अशी व्यवस्था (काटामारीचा वाद दर हंगामात निघतोच). जिल्ह्याच्या इंटरनेटवर रोज काय काय येऊन धडकतं त्याची नोंदवही. आणि पाचवा प्रश्न निव्वळ सिद्धांताचा, कारण सगळंच लगेच उपयोगी पडायला पाहिजे असा हट्टही बरोबर नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं, 'डेटा कोण देणार?' हे खरंच अवघड आहे आणि ग्राहकांची माहिती कुणी अशी देऊही नये. पण नोंदवहीसाठी कुणाची परवानगी लागत नाही. कॉलेजच्याच एका सुट्या आयपीवर हनीपॉट लावायचा, म्हणजे चोरांसाठी मुद्दाम उघडं ठेवलेलं खोटं घर. 'कौरी' नावाचा असा हनीपॉट फुकट मिळतो. जगभरातले बॉट्स स्वतःहून येऊन दार ठोठावतात. २०२६ चा, मराठी मुलखातला, ताजा डेटा तयार. आणि संस्थांकडच्या लॉग्जचं म्हणाल, तर सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ते १८० दिवस जपून ठेवायचेच आहेत. खातेदारांची नावं-नंबर पुसून, लेखी करार करून, त्यातला तुकडा मागता येतो.

शिवाय मागायला लांबही जायचं नाही. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ चं, कराडचं सरकारी कॉलेज १९६० चं. राजारामबापूंच्या नावाने साखर कारखाना आहे, सहकारी बँक आहे आणि साखराळ्याला इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. बंगळुरूच्या एखाद्या स्टार्टअपला असा शेजार मिळायचा नाही. एकाच गावात कारखाना, बँक, कॉलेज, आणि वार्षिक सभेला तीच माणसं.

तुमच्यापैकी बरेच जण याच कॉलेजांतून पुण्या-मुंबईला आलेत. यंदा सरांचा फोन आला, 'गेस्ट लेक्चरला ये', तर जरूर जा. फक्त लेक्चरऐवजी प्रोजेक्टांची यादी मागा आणि दिवाळीच्या आढाव्याला बसायची तयारी दाखवा. आणि समोरच्या टेबलात ९८ टक्के दिसले, तर एवढंच विचारा, 'दिवसाला खोट्या शिट्ट्या किती वाजतील?'