परसबागेची परीक्षा मे महिन्यात घ्या

जिल्ह्यातल्या परसबागांचे फोटो ऑगस्टमध्ये काढले जातात. मांडवावर गिलकी लोंबत असतात, वाफ्यात भेंडी-चवळी उभी असते, बचत गटाच्या ताई फलक धरून हसत असतात. तीच बाग एप्रिलअखेर पाहायला कोणी जात नाही. गेलेच तर कुंपणाच्या काटक्या आणि आत शिरलेली शेळी दिसेल. मग अहवालात ‘लाभार्थींनी बाग टिकवली नाही’ असा शेरा पडतो. आमच्या मते दोष लाभार्थींचा कमी, आपल्या आराखड्याचा जास्त. आपण शिकवतो ती पावसाळ्याची बाग असते आणि तिच्याकडून अपेक्षा मात्र बारमाही ठेवतो.

हे नंदुरबारमध्ये तरी चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत या जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची आढळली. ‘माझी पोषण परसबाग’सारख्या मोहिमांना इथे अर्थ आहे तो त्यामुळे. पावसाळ्यात सातपुड्यातल्या घरात पालेभाजीची ददात नसते. रानच ताट भरते. शेजारच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात २००४ पासून रानभाज्यांची स्पर्धा भरते, ती पाहिलेल्यांना हे सांगायला नको. ताट रिकामे पडते ते होळीनंतर, म्हणजे नेमके आपल्या बागा वाळतात तेव्हा.

आधी पाण्याचा हिशेब मांडू. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास उडते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. म्हणजे दहा चौरस मीटरची भरगच्च बाग उन्हात हिरवी ठेवायची तर रोज शंभर लिटरच्या घरात पाणी लागणार. शहाद्यात नळ असलेल्या घराला ते जमेलही. अक्राणीत डोंगर उतरून झऱ्यावरून हंडे आणणाऱ्या बाईला ‘संध्याकाळी बागेला पाणी घालत जा’ असे सांगणे हा प्रशिक्षकाचा उद्धटपणा आहे.

म्हणून पहिले कौशल्य बाग वाढवण्याचे नाही, आवरण्याचे आहे. मार्च उजाडला की दहा चौरस मीटरचे तीन करायचे. टोमॅटो तेव्हाच काढून टाकावा. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की त्याची फळधारणा बिघडते. झाड हिरवे दिसते, पाणी पिते आणि फुले गाळते. मिरचीचेही थोड्याफार फरकाने तेच. हे झाड जगवण्यासाठी ओतलेला प्रत्येक तांब्या गवार, चवळी किंवा तांदुळज्याला दिला असता तर ताटात काही पडले असते. झाड उपटायला हात धजत नाही हे आम्हालाही कळते. पण होळीचा भोंगऱ्या बाजार उरकला की विळा घ्यायचा, हा नियम गटाच्या बैठकीत एकदा ठरवून टाकावा.

दुसरी गोष्ट वाफ्याची. आपल्या सगळ्या प्रात्यक्षिकांत गादीवाफाच का असतो? तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात तो हवाच, नाहीतर मुळ्या कुजतात. पण तोच गादीवाफा उन्हाळ्यात चारही बाजूंनी वारा आणि ऊन खातो. शिवाय काळी जमीन भेगाळते आणि खालचा ओलावाही त्या भेगांतून निघून जातो. उन्हाळी वाफा जमिनीच्या पातळीपेक्षा वीतभर खोल हवा, कडेला मातीचा बांध हवा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी भागात झुनी लोकांनी अशाच बांधांच्या खोलगट चौकटींत पिढ्यान्‌पिढ्या भाजी पिकवली. आपल्याकडे पाणी दिल्यावर वाफसा येताच खुरप्याने वरचा थर मोकळा करायचा. शेतकरी कोळपणीला अर्धे पाणी म्हणतात ते याचसाठी. धडगाव-मोलगीच्या उतारावरच्या मुरमाड जमिनीत भेगांचा प्रश्न नाही, पण तिथे पाणी थांबतच नाही. तिथे वाफ्याच्या तळाशी शेणखत आणि पाल्याचा जाड थर हाच इलाज.

तिसरी गोष्ट जमिनीत पुरायच्या मडक्याची. तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण त्यात फसगत फार होते. जमिनीत पुरलेल्या मडक्याने झाड जगवण्याची रीत चीनच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात नोंदलेली आहे. आपल्याकडे कर्नालच्या क्षारयुक्त मृदा संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात तिच्यावर पद्धतशीर काम झाले. मडके बिनरंगाचे, कमी भाजलेले, पाच ते आठ लिटरचे. गळ्यापर्यंत पुरायचे, तोंड दोन बोटे वर ठेवायचे, नाहीतर माती आत जाते. वर झाकणी किंवा चपटा दगड, म्हणजे डास होत नाहीत. भोवती वीतभर अंतरात चार वेल किंवा सहा रोपे. तीन चौरस मीटरला अशी चार मडकी पुरतात. दर दोन-तीन दिवसांनी भरायची, म्हणजे दिवसाला दहा लिटरच्या आसपास. भाजी, धान्य आणि तांदूळ धुतलेल्या पाण्यातच त्याचा बराचसा भाग निघतो.

फसगत होते ती इथे: घरात जुना झालेला, पाणी थंड न करणारा माठ बागेला दिला जातो. तो थंड करत नाही याचे कारण क्षारांनी त्याची छिद्रे बुजली आहेत. जो माठ पाझरत नाही तो जमिनीतही पाझरणार नाही. पुरण्याआधी भरून सावलीत कोरड्या विटेवर ठेवावा. काही तासांत बाहेरून ओलसर झाला नाही तर तो बागेचा नव्हे. बोअरचे पाणी जड असेल तर दर हंगामानंतर मडके काढून काथ्याने घासावे.

आच्छादनाला शहादा-तळोद्यात उसाचे पाचट आणि केळीची वाळलेली पाने, नवापूर-अक्कलकुव्याकडे सागाचा पाला. सागाची पाने अख्खी टाकली तर पाणी वरूनच घसरते; चुरडून टाका, आणि खोडाला लावू नका, वाळवी लागते. सावलीसाठी हिरवी जाळी विकत घेण्याआधी वाफ्याच्या पश्चिमेला जूनमध्येच तुरीची ओळ लावा. शेंगा काढल्यावर तुऱ्हाट्या तशाच उभ्या ठेवल्या की दुपारी दोन ते पाचचे ऊन अडते. मोरीच्या पाण्यावर केळी आणि अळू घ्यावे. साबणाच्या सोड्याने काळी माती घट्ट होते, म्हणून एकाच जागी कायम सोडू नये आणि इतर पालेभाजीला तर नकोच. पपई मात्र मोरीपाशी लावू नका, पाणी साचले की ती जाते.

आता ज्या गोष्टीकडे आपल्या क्षेत्राने सर्वांत कमी लक्ष दिले, ती. हा जिल्हा उन्हावर जगतो. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरचीचे गालिचे पसरतात, अक्राणीत घरोघरी कैरी चिरून आमचूर होतो. ज्या उन्हाशी आपण हजारा घेऊन भांडतो, त्याच उन्हात जिल्ह्याचे दोन नामांकित जिन्नस तयार होतात. मग परसबागेच्या प्रशिक्षणात वाळवणाचा एकही तास का नसावा? जास्तीची गवार उकळत्या पाण्यातून काढून वाळवता येते, कारल्याच्या काचऱ्या होतात. शेवग्याची आणि मेथीची पाने मात्र उन्हात नव्हे, घरात सावलीत वाळवायची, कारण डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व ज्यापासून बनते तो घटक थेट उन्हात नासतो. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत दोन-तीन दिवसांत पाने चुरचुरीत होतात. ही चुरा केलेली मूठभर पाने मेमध्ये वरणात किंवा भाकरीच्या पिठात पडली तर ती बागेचीच भाजी आहे. शेवग्याचे झाडही शेंगा संपल्यावर कमरेच्या उंचीला छाटले की कोवळा पाला हाताशी येतो. मुळे खोल असल्याने त्याला हंड्याची वाट पाहावी लागत नाही.

बियाण्याचेही तसेच. जूनमधल्या वाटपाच्या पाकिटात संकरित बी असेल तर पुढच्या जूनला पुन्हा पाकिटाकडे डोळे लागणार. धडगाव भागात बायफ संस्थेच्या मदतीने मका-ज्वारीच्या स्थानिक वाणांची बियाणे बँक उभी राहिली. गिलके, दुधी, वाल, चवळी यांच्यासाठी गावपातळीवर हेच करायला फारसा खर्च नाही: पहिले चांगले फळ खुणेचा दोरा बांधून वेलीवरच वाळू द्यायचे, बी राखेत घोळून ठेवायचे.

म्हणून स्पर्धा घेणाऱ्या सर्व संस्थांना आणि विभागांना आमची विनंती आहे. ऑगस्टची पाहणी खुशाल करा, पण गुणांचा निम्मा वाटा मेच्या पहिल्या पंधरवड्यातल्या भेटीला ठेवा. त्या दिवशी किती चौरस मीटर हिरवे आहे हे पाहू नका. रोज किती लिटर पाणी दिले, कोणती तीन पिके जिवंत आहेत, डब्यात किती वाळवण आहे आणि पुढच्या पेरणीचे स्वतःचे बी कशाकशाचे आहे, एवढेच विचारा. ज्या गटांना अशा पाहणीसाठी तक्ता हवा असेल त्यांनी कार्यालयाला कळवावे. पुढच्या अंकासोबत तो पाठवू.