चोपण जमिनीला खारवट म्हणू नका

सुलतानपूरच्या शेजारचे लोणार सरोवर सगळीकडे ‘खाऱ्या पाण्याचे’ म्हणूनच ओळखले जाते. हे खोटे नाही, पण अर्धवट आहे. त्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास जातो तो मिठामुळे नव्हे, सोड्यामुळे. पूर्वी इथला खार गोळा करणाऱ्यांना ही पारख होती. जुन्या नोंदींत दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी अशी त्याची वेगवेगळी नावे सापडतात. शेतीच्या भाषेत मात्र आपण ही पारख गमावत चाललो आहोत. इंग्रजीत जमिनीसाठी ‘सोडिक’ असे एक विशेषण आहे. मृदाशास्त्राबाहेर ते फारसे कोणी वापरत नाही. मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेली जमीन, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यासाठी मराठीत ‘चोपण’ हा नेमका शब्द आहे. तरीही पुष्कळदा ‘खारवट’ लिहून काम भागवले जाते. याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

खारवट जमिनीत क्षार पाण्यात विरघळलेले असतात. निचरा चांगला असेल तर गोड्या पाण्याने ते धुऊन जातात. चोपण जमीन धुतली, तर उलट बिघडते. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात, पाणी वरच तुंबते आणि वाळल्यावर अशी कडक पापडी धरते की हरभऱ्याचा कोंब वर येत नाही. पावसाच्या पाण्याच्या पेल्यात अशा जमिनीचे कोरडे ढेकूळ सोडून बघा, पाणी गढूळ होते आणि तसेच राहते. तिथे आधी जिप्सम लागते. त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, मग धुणे कामी येते. म्हणजे या एका विशेषणावर उपाय ठरतो.

कोणी म्हणेल, वऱ्हाडात लोक ‘खारपाण’ म्हणतात, तेवढे पुरे. पण खारपाणपट्टा हे शेगाव, संग्रामपूरकडच्या पूर्णेच्या खोऱ्याचे नाव आहे, जमिनीच्या दुखण्याचे निदान नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शब्द काहीही वापरा, तपासणीत खरे काय ते कळतेच. कळते का? 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. सामू आणि विद्युत वाहकता त्यात आहे, विनिमययोग्य सोडियम नाही. सर्वसाधारण मोजपट्टीत या सोडियमचे प्रमाण 15 टक्क्यांवर गेले की जमीन चोपण ठरते; पूर्णेच्या काळ्या जमिनीत तर 5 टक्क्यांच्या पुढेच निचरा ढासळतो, असे नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोच्या संशोधकांनी दाखवले आहे. ज्याच्या हाती ‘खारवट’ एवढाच शेरा पडतो, तो ही वेगळी तपासणी मागणार कशी? म्हणून भारी काळ्या जमिनीच्या पत्रिकेवर सोडियमचा तेरावा रकाना हवा आणि शेऱ्यात, जिथे लागू असेल तिथे, ‘चोपण’ हाच शब्द छापला जावा.